संकेतस्थळाचीही नाडी पाहावी

औषधालयाचे संकेतस्थळ एकदा तयार झाले की काम संपले, असा समज आपल्या व्यवसायात रूढ आहे. वस्तुतः काम तेथून सुरू होते. रांजणगावचेच पाहावे. महागणपतीच्या दर्शनास येणारे यात्रेकरू आणि औद्योगिक वसाहतीतील कामगार वैद्याचा वा औषधालयाचा शोध बहुधा हातातील मोबाइलवरच घेणार. पान उघडण्यास विलंब झाला, तर वेदनेने त्रस्त माणूस थांबत नाही. तो पुढच्या नावाकडे वळतो.

गूगलने २०१० मध्ये शोधक्रमासाठी वेगाचा विचार सुरू केला; मोबाइलवरील शोधास हा निकष जुलै २०१८ पासून लागू झाला. आज तीन मापे महत्त्वाची आहेत. पानातील मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शास २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि वाचताना मजकूर जागचा हलू नये. किमान ७५ टक्के भेटींत ही मापे साधली, तरच पान समाधानकारक मानले जाते.

‘पेजस्पीड इनसाइट्स’ या विनामूल्य साधनावर ही तपासणी कोणासही करता येते. त्यात प्रत्यक्ष वाचकांचा मागील २८ दिवसांचा अनुभव आणि त्या क्षणी घेतलेली चाचणी, असे दोन भाग असतात. वाचकसंख्या अल्प असल्यास पहिला भाग उपलब्ध होत नाही. अशा वेळी चिकित्सालयातील जलद जोडणीवर विसंबू नये. साध्या मोबाइलवर, रुग्ण जेथून शोधतो तेथून, पान उघडून पाहावे. चाचणीचा आकडा दरवेळी थोडा बदलतो. म्हणून एका नोंदीवरून निदान करू नये. तीनदा तपासून मधला आकडा टिपावा, दरमहा नोंद ठेवावी आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासावे.

निदानपरिवर्जन हीच येथेही पहिली चिकित्सा. औषधांची अवजड छायाचित्रे, आपोआप सरकणारी चित्रमालिका आणि अनावश्यक चित्रफिती ही मंदगतीची नेहमीची कारणे होत. ती दूर करावीत.

मात्र केवळ वेगाने अग्रक्रम लाभत नाही. शोधणाऱ्यास उपयुक्त मजकुराचे महत्त्व गूगलही अधिक मानते. त्यामुळे शंभरपैकी शंभर गुणांचा हव्यास नको. वेळ, पत्ता व दूरध्वनी अचूक असावेत आणि ते त्वरित दिसावेत. वार्षिक देखभालीचे देयक चुकते करण्यापूर्वी संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून वर्षभराच्या नोंदी मागून घ्याव्यात, हेच आमचे आग्रहाचे सांगणे.