सरसकट ‘क्लिअर ऑल’ कशाला?
लोकलमध्ये शेजारी बसलेल्याकडे बघा: फोन खिशात टाकण्याआधी अंगठ्याने एकेक अ‍ॅप वर सरकवून उडवतो, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा, आणि दोन मिनिटांत तेच पुन्हा उघडतो. बॅटरी वाचावी म्हणून केलेली ही साफसफाई बहुतेकदा उलट बॅटरीच खाते. मागे गेलेलं अ‍ॅप सहसा चालू नसतं. फोन ते रॅममध्ये गोठवून ठेवतो आणि जागा कमी पडली की स्वतःच काढून टाकतो. आपण उडवलं, की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून लोड होतं आणि प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. अ‍ॅपलचे क्रेग फेडरिगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही २०१६ मध्येच सांगितलं होतं, की याने बॅटरी वाचत नाही. मात्र अ‍ॅप अडकलं, फोन खिशात उगाच तापू लागला किंवा मुक्कामी पोचल्यावरही मॅप्स रस्ता दाखवतच राहिलं, तर जरूर बंद करा. जीपीएस खरोखरच बॅटरी पितं. जुना फोन पुरवून वापरणाऱ्यांना तर माझं आग्रहाचं सांगणं आहे: सेटिंग्जमधलं बॅटरीचं पान उघडा, कोणतं अ‍ॅप किती टक्के खातंय ते तिथे दिसतं, आणि सर्वांत जास्त खाणाऱ्या त्या एकाचाच बंदोबस्त करा.