उकळून प्या आणि गप्प बसा

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात एक चौकोन हमखास येतो. धरणक्षेत्रात पाऊस झाल्याने पाणी गढूळ येत आहे, नागरिकांनी पाणी उकळून, गाळून प्यावे. खाली 'पाणीपुरवठा विभाग'. कुठल्या भागात, कधीपासून, कधीपर्यंत, पाण्यात नेमकं काय सापडलं, यातलं अक्षरही नसतं. वरचं नाव बदलून हा चौकोन राज्यातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या नावाने छापा, खपून जाईल.

या चौकोनाला आपण सूचना म्हणतो, ते बंद करायला हवं. ही हात झटकण्याची पद्धत आहे. बारा महिने तेरा काळ 'उकळून प्या' म्हणत राहिलं, की ज्या दिवशी पाण्यात खरोखर घाण मिसळते त्या दिवशी म्हणायला वेगळं काही उरत नाही. वर कुणी आजारी पडलं तर 'आम्ही सांगितलंच होतं' हे उत्तर तयार.

उकळून पिणं फुकट पडत नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो. पाच माणसांच्या घरात प्यायला, स्वयंपाकाला रोज वीस लिटर पाणी धरा. ते उकळायला पाव किलोच्या आसपास गॅस जातो. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर दोनेक महिन्यांत नुसत्या पाण्यावर संपतो. पाणीपट्टी भरून पुन्हा हे. ज्यांना परवडतं त्यांनी केव्हाच आरओ बसवून या प्रश्नातून अंग काढून घेतलंय, आणि म्हणूनच या विषयावर वॉर्ड ऑफिसात आवाज चढवणारा माणूस सापडत नाही.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात काय झालं ते आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात हातापायांतली ताकद जाऊन माणसं रुग्णालयात दाखल होऊ लागली. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. एरवी हा आजार विरळा. जुलाबांच्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. असा संसर्ग करणाऱ्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आघाडीवर. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत तो सापडला, नोरोव्हायरसही सापडला. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. माणसं दगावली.

मग सगळ्यांचं लक्ष नांदेडच्या विहिरीकडे गेलं. खडकवासल्याचं पाणी या विहिरीत येतं आणि तिथून आसपासच्या गावांना जातं. मध्ये शुद्धीकरण प्रकल्प नाही, गाळणी नाही, फक्त क्लोरीन. नांदेड, किरकटवाडी ही गावं ३० जून २०२१ला महापालिकेत आली. म्हणजे साथ आली तेव्हा साडेतीन वर्षं उलटली होती. ही व्यवस्था काही गुपित नव्हती, खात्याला माहीत होती. पण 'आपणांस पुरवण्यात येणारे पाणी गाळलेले नसून केवळ निर्जंतुक केलेले आहे' ही ओळ पाणीपट्टीच्या बिलावर छापलेली कुणी पाहिली आहे का? साथ आल्यावर परिसरात पाणी विकणाऱ्या तीसेक खासगी प्रकल्पांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण लोक ते पाणी विकत का घेत होते, हा प्रश्न त्या कारवाईत कुठे विरघळला कळलं नाही.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी, की पाण्याच्या बाबतीत खेड्याला जे कळतं ते शहराला कळत नाही. ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर कार्ड मिळतं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. पद्धत आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पाहणी टेबलावर बसून होते हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तरी 'तुमच्या गावाला लाल कार्ड आलंय' ही बातमी होते, ग्रामसेवकाला बोलणी बसतात, टीसीएल पावडर संपली तर कुणीतरी विचारतं. गाव महापालिकेत गेलं की घरपट्टी वाढते आणि कार्ड जातं. प्रभागाला कुठलाच रंग नसतो.

खात्याशी बोललं की दोन उत्तरं मिळतात. पहिलं, 'अहवाल येऊ द्या.' दुसरं, 'उगाच घबराट पसरेल.'

अहवालाचं सोपं आहे. पाण्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला एक ते दोन दिवस लागतात. म्हणजे अहवाल नेहमी आधीच पिऊन झालेल्या पाण्याचा असतो. तो चूक कुठे झाली हे कळायला उपयोगी, माणसं वाचवायला नाही. त्यासाठी नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहणं पुरतं. दोन मिनिटांचं काम. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. नसेल, आणि त्याच गल्लीत जुलाबाचे चार रुग्ण असतील, तर अहवालाची वाट पाहण्यासारखं काय राहिलं?

घबराटीचं उत्तर द्यायला मात्र कॅनडात जावं लागेल, कारण वाट पाहण्याची किंमत तिथे एका न्यायमूर्तींनी मोजून ठेवली आहे. ऑन्टारिओ प्रांतातलं वॉकर्टन, वस्ती पाच हजारांच्या आसपास. मे २०००मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि शेतातलं गुरांचं शेण गावच्या एका उथळ विहिरीत उतरलं. १७ मेला प्रयोगशाळेने पाणीखात्याचा प्रमुख स्टॅन कोबेल याला कळवलं की पाणी दूषित आहे. त्याने ते दाबलं. १९ मेला आरोग्य खात्याने विचारलं, तेव्हाही पाणी ठीक आहे असं सांगितलं. अखेर २१ मेला आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नमुन्यांचा निकाल हाती नसताना उकळून प्यायची सूचना काढली. निकाल २३ तारखेला आला. तोवर उशीर झाला होता: सात जण दगावले, दोन हजार तीनशेच्या आसपास आजारी पडले. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी लिहिलं की सूचना १९ मेला निघाली असती तर तीनशे ते चारशे माणसं आजारी पडली नसती. दोन दिवसांची ही किंमत. शिवाय सूचना स्थानिक रेडिओपुरतीच राहिली, पुष्कळांपर्यंत पोचलीच नाही, म्हणून त्यांनी आरोग्य खात्यालाही दोष दिला. घबराट झाली म्हणून नव्हे, पुरेशी ओरड केली नाही म्हणून.

त्या अहवालातला आणखी एक तपशील आपल्याकडचा वाटावा असा आहे. स्टॅन आणि त्याचा भाऊ फ्रँक क्लोरीन रोज मोजत नसत. नोंदवहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असा आकडा रोज पडायचा. आपल्याकडच्या कुठल्याही टाकीवरची वही उघडून बघा. महिनाभर एकच आकडा, एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेला.

टाकीवरचा आकडा खरा असला तरी पुरेसा नसतो. आपल्याकडे पाणी दिवसातून दोन तास येतं. बाकीचे बावीस तास नळीत दाब नसतो, आणि शेजारून वाहणाऱ्या ड्रेनेजचं पाणी गळक्या सांध्यातून आत शिरतं. त्यात लोक नळाला मोटर लावून ओढतात. टाकीतलं शुद्ध पाणी शेवटच्या घरी शुद्धच पोचेल ही समजूत चोवीस तास दाब असलेल्या शहरांची आहे.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी नळाला गटाराचा वास येत होता. चावीवाल्याला बोलावलं. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, आणि म्हणाला, "काका, पहिली दहा मिनिटं सोडून द्या, मग चांगलं येतं." माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे ना क्लोरीन मोजायचं किट होतं, ना लाइन बंद करायचा अधिकार, ना ज्याला फोन करावा असा कुणी साहेब. आठव्या दिवशी कुठेतरी खोदाई झाली आणि वास गेला. शेजारच्या इमारतीत तोपर्यंत तिघांना कावीळ झाली होती. आमच्या दारावर कुणी कागद चिकटवला नाही. आधीही नाही, नंतरही नाही.

मागणी फार मोठी नाही. सूचनेवर गल्लीचं नाव हवं, कारण हवं, सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख हवी, खाली एका माणसाची सही हवी. ती काढण्याचा अधिकार पाणीखात्याकडे नको, आरोग्य अधिकाऱ्याकडे हवा, कारण स्वतःच्या पाण्याला दूषित म्हणणं पाणीखात्याला जड जातं, वॉकर्टनमध्येही गेलं. ती रिक्षावरच्या भोंग्यावरून, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर, मशिदीच्या आणि देवळाच्या स्पीकरवरून त्याच दिवशी जायला हवी. आणि तोवर त्या गल्लीला टँकर.

वॉकर्टनची सूचना ५ डिसेंबर २०००ला, सहा महिन्यांनी मागे घेतली गेली. गेल्या महिन्यात मी आमच्या वॉर्ड ऑफिसात विचारलं, पावसाळ्यात काढलेली उकळून प्यायची सूचना रद्द केव्हा झाली? टेबलामागच्या साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कुठली सूचना?"