मसीहाचे प्रमाण आणि श्रोत्याचे शास्त्र

कोणतेही प्रमाण निराधार उभे राहत नाही. ज्याला ते पटवून द्यावयाचे, त्याने आधी काही मान्य केलेले असावे लागते. येशू हाच मसीहा होय, हे सिद्ध करण्यासाठी आद्य ख्रिस्ती लेखकांनी जे युक्तिवाद केले त्यांना कोणी अकाट्य समजतात, तर कोणी निव्वळ प्रचार म्हणून बाजूस सारतात. या दोन्ही भूमिकांत श्रोत्याचा विसर पडतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या चरित्रातील एकेक प्रसंग संदेष्ट्यांच्या वचनांची पूर्तता म्हणून सांगितला आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास हुतात्मा जस्टिनने ट्रायफो नामक यहुद्याशी झालेला संवाद लिहिला, त्यातही भर यशयादी ग्रंथांवरच आहे. परंतु ट्रायफो निमूटपणे ऐकून घेत नाही. यशयाच्या ज्या वचनात जस्टिनला 'कुमारी' दिसते, तेथे मूळ शब्दाचा अर्थ केवळ 'तरुण स्त्री' असून ते वचन हिज्कीया राजाविषयी आहे, असे तो बजावतो. क्रुसावर टांगलेला मनुष्य नियमशास्त्राप्रमाणे शापित ठरतो, मग तो मसीहा कसा, हा त्याचा आक्षेप तर अधिकच मर्मभेदी आहे. तथापि हा वाद शक्य झाला तो दोघांनाही ते शास्त्र प्रमाण होते म्हणून. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर शब्दप्रमाण उभयमान्य होते; तंटा होता तो अर्थनिर्णयाचा.

हेच प्रमाण मराठी भाषकांपुढे आले तेव्हा हा पाया नव्हता. यशया कोण, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला यशयाचे भविष्य काय सिद्ध करणार? फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याचा पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा ओवीबद्ध सांगतो आणि येशूचे चरित्र दुसऱ्या भागात येते. आधी वचन श्रोत्याच्या परिचयाचे करावयाचे, मग त्याची पूर्तता दाखवावयाची, असा हा क्रम आहे. पुराणाचा घाट येथे केवळ अलंकार नाही. तो युक्तिवादाचाच भाग आहे.

एकोणिसाव्या शतकात दुसरी वाट दिसते. झाशी आणि समथर ज्या बुंदेलखंडात येतात, तेथेच १८२५ साली जन्मलेले आणि काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित नीळकंठशास्त्री गोरे प्रथम प्रतिपक्षात होते. चमत्कारादी लक्षणांवरून खरे शास्त्र ओळखावे, असे सांगणाऱ्या जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षे'ला त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहून उत्तर दिले. १८४८ मध्ये ते ख्रिस्ती झाले. पण 'षड्दर्शनदर्पण' (१८६०) या हिंदी ग्रंथात त्यांनी यशयापासून प्रारंभ केला नाही, तर सहा दर्शनांचीच चिकित्सा केली. पुढे पंडिता रमाबाईंना लिहितानाही, त्यांचा ब्राह्म विश्वास वेदांतून आलेला नाही, असे त्यांनी दाखविले. वादाचा आरंभ श्रोत्याच्या शास्त्रातून झाला पाहिजे, हे जस्टिनचे तत्त्व त्यांनी पाळले. शास्त्र मात्र बदलले.

या पद्धतीतही धोका आहेच. परक्या शास्त्रात शिरणारा वादी ते समजून घेण्यापेक्षा मोडण्यासाठीच वाचण्याचा संभव असतो. गोऱ्यांच्या दर्शनचिकित्सेवर हा आक्षेप घेता येईल, आणि ट्रायफोच्या परंपरेतील वाचक जस्टिनवरही तो घेईल. परंतु असा आक्षेप घेण्यासाठी ते ग्रंथ वाचावे लागतात. 'क्रिस्तपुराण' भाषेच्या इतिहासात आणि गोरे धर्मांतराच्या इतिहासात बंदिस्त करून ठेवल्याने मराठी मनाने केलेला प्रमाणविचाराचा एक मोठा वाद अनिर्णित नव्हे, तर न वाचलेलाच राहिला आहे. श्रद्धा ज्याची त्याची. पुराव्याची पद्धत मात्र सर्वांच्या परीक्षेचा विषय आहे.