विमानउद्योगातील कारागीर आणि अनुदानाची लेखाशीर्षे

केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ च्या मे महिन्यात मंजूर केलेल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘पीएम-सेतू’ या नावाने आरंभिलेल्या योजनेत, देशातील १००० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुधारणेसाठी पाच वर्षांत ६०,००० कोटी रुपये खर्चावयाचे योजिले असून, त्यांपैकी ३०,००० कोटींचा भार केंद्राने, २०,००० कोटींचा राज्यांनी आणि उरलेल्या १०,००० कोटींचा उद्योगांनी उचलावा, अशी वाटणी ठरली आहे. या वाटणीतील तिसरा वाटेकरी म्हणजे आपण. आपण, अर्थात विमानाचे सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखानदार, विमानांची देखभाल व दुरुस्ती करणारे आणि या दोहोंना लागणारी माणसे शिकविणारे. परंतु या मासिकाचे वाचक ज्या वर्तुळात वावरतात तेथील बोलण्यात या योजनेचा उल्लेख आमच्या कानी क्वचितच पडतो, आणि पडतो तोही ‘ती आयटीआयची योजना आहे, आपला तिच्याशी काय संबंध’ अशा सुरात. कुशल कारागीर मिळत नाहीत ही तक्रार ज्या बैठकीत तावातावाने मांडली जाते, त्याच बैठकीत हे उद्गार निघावेत, यातील विसंगती कोणाला जाणवत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

पैसा नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. खरी अडचण अशी की, जो पैसा आहे तो इमारत आणि यंत्रसामग्री या दोन लेखाशीर्षांकडे सहज वळतो. कारण इमारतीचे उद्घाटन करता येते, यंत्रावर पाटी लावता येते आणि दोहोंचे उपयोगिता प्रमाणपत्र बिनबोभाट लिहिता येते. याउलट ज्या दोन गोष्टींवाचून विमानविद्येतील कारागीर घडत नाही, म्हणजे जाणता शिल्प निदेशक आणि प्रत्यक्ष कामावरचा प्रदीर्घ सराव, त्यांच्यासाठी मागणी करणारा अर्जदारच विरळा. तेव्हा अनुदाने कोणकोणती आहेत यापेक्षा ती कशासाठी मागावीत, याविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला अधिक अगत्याचे वाटते.

या धंद्याचा आपल्याकडील आरंभच मोठा बोधप्रद आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापिली, आणि त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत विमानअभियांत्रिकीचे खाते निघाले ते १९४२ साली. म्हणजे शाळा आली ती कारखान्यामागून. गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली अध्ययन करून परतलेल्या विष्णु माधव घाटगे यांच्या आराखड्यावरून घडलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ च्या ऑगस्टात आकाशात झेपावले, तेव्हा त्या आराखड्याचे यथोचित कौतुक झाले. पण त्याच्या मापाबरहुकूम पत्रा कापणारे, वाकविणारे आणि रिव्हेटने जोडणारे हात कारखान्याला स्वतःच्या आवारात, स्वतःच्या खर्चाने तयार करावे लागले होते, ही गोष्ट फारशी कोणी नोंदविली नाही. पुढे १९६४ साली मिग विमानांच्या उत्पादनासाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला, त्यानेही हाच पायंडा पुढे चालविला. शिकाऊ उमेदवारांचा खर्च उत्पादनाच्या जमाखर्चातच मुरून जाई, आणि सरकारी उपक्रमाला तो जड वाटत नसे. कारण शिकलेला माणूस सोडून जाईल तरी कोठे, असा तो काळ होता.

आज तो काळ उरलेला नाही. एअर इंडियाने २०२३ साली ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची मागणी नोंदविली. वडोदरा येथे सी-२९५ या वाहतूक विमानाच्या जुळणीचा खासगी कारखाना २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. आणि ओझरच्या कारखान्यात तेजस विमानाच्या उत्पादनाची तिसरी व एचटीटी-४० या शिकाऊ विमानाची दुसरी शृंखला २०२५ च्या ऑक्टोबरात उघडण्यात आली. या सर्वांच्या पोटात सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांची मोठी उतरंड आहे, आणि माणसाची खरी ओढाताण तेथे होते. पाचपन्नास माणसांचा कारखानदार एखाद्या तरुणाला दोन वर्षे हाताशी धरून शिकवितो. त्याच्या चुकांत वाया गेलेला माल पदरचा म्हणून सोसतो. आणि तो तरुण हाताला बरा झाला की, चार पैसे अधिक देणाऱ्या मोठ्या कारखान्यात निघून जातो. त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र शिकविण्याचा खर्च एकाने करावयाचा आणि फळ दुसऱ्याने चाखावयाचे, अशी रीत पडली की शिकविणेच बंद पडते. आणि सार्वजनिक निधीने या कामात उतरावे याचे सर्वांत सबळ कारण, आमच्या मते, हेच आहे.

या कौशल्याचे स्वरूप ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांना ‘फिटर तो फिटर’ असे वाटणे साहजिक आहे. पण विमानाच्या पत्र्याला छिद्र पाडताना ते किंचित तिरके गेले, कडेचे अंतर थोडे चुकले वा कडेची कूस नीट काढली गेली नाही, तर त्या ठिकाणाहून तडा सुरू होण्याचा संभव असतो, आणि असा एक दोष सापडला की तो भाग नाकारला जातो अथवा त्याच्या दुरुस्तीसाठी आराखडाकारांची लेखी संमती मागवावी लागते. याखेरीज कोणत्या धातूच्या कोणत्या गठ्ठ्यातून भाग कापला, कोणत्या टॉर्क पान्याने बोल्ट आवळला आणि त्या पान्याची तपासणी केव्हा झाली होती, याचे दप्तर चोख नसेल तर निर्दोष भागही भंगारात जमा होतो. ही शिस्त पुस्तकातून येत नाही. ती ज्याच्या अंगी बाणली आहे अशा माणसाच्या शेजारी उभे राहूनच उचलावी लागते.

दुरुस्तीच्या क्षेत्रात हाच नियम कायद्याने बांधला आहे. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे बी-१ वा बी-२ वर्गाच्या परवान्याचा मूळ अभ्यासक्रम २४०० तासांचा असून, मान्यताप्राप्त संस्थेतून तो पुरा केल्यावरही, चालत्या विमानांवरील दोन वर्षांचा अनुभव दाखविल्यावाचून टर्बाइन विमानांचा परवाना हाती पडत नाही. अभ्यासक्रमाची फी पालक कर्ज काढून भरतात. २०२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात कौशल्यकर्जाची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढविण्याची घोषणा झाली, हा त्यांना थोडा दिलासा होय. परंतु पुढील दोन वर्षांचे काय? हँगरमध्ये जागा मर्यादित, परवानाधारक अभियंत्याला शिकाऊ मुलाकडे लक्ष देण्यास सवड नाही, आणि त्या मुलाने केलेल्या कामाच्या नोंदीवर सही करण्याची जबाबदारी मात्र त्याच अभियंत्याची. परवान्याच्या वाटेवरील हा सर्वांत अरुंद भाग असून, अनुदानाची चर्चा नेमकी येथे येऊन थांबते.

आता प्रत्यक्ष तरतुदींकडे वळू. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, आणि २०१९ च्या नियमदुरुस्तीपासून ३० वा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना अधिकात अधिक १५०० रुपये, केंद्र सरकार देते, आणि २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. पदविका व पदवीधरांसाठी जी वेगळी योजना शिक्षण खात्याकडे आहे तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग सरकार उचलते. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय वा पदविकाधारकास महिना ८००० रुपये मिळतात. पण ती योजना महिन्यांच्या हिशोबाची आहे, आणि विमानाच्या कामात काही महिन्यांत माणूस जेमतेम अवजारांची नावे व दप्तराची रीत शिकतो. बहुतेक कारखानदार या तरतुदींकडे स्वस्तातली मजुरी म्हणून पाहतात, निदान पटावरची सक्तीची संख्या भरून काढण्याचे साधन म्हणून. आणि ज्या तरुणाला वर्षभर केवळ माल उचलण्यास व झाडलोट करण्यास लावले, तो विमानउद्योगात पुन्हा पाऊल टाकीत नाही, यात नवल कसले?

कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखालील सामाजिक दायित्वाचा निधी हे दुसरे मोठे लेखाशीर्ष. पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम या कामी खर्चावी असा नियम असून, व्यवसायकौशल्याचे शिक्षण हे त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट शब्दांत येते. स्वतःच्या नोकरवर्गाचे प्रशिक्षण मात्र या निधीतून करता येत नाही. आमच्या दृष्टीने ही अडचण नसून इष्टापत्ती आहे; कारण त्यामुळे हा पैसा कारखान्याच्या भिंतीबाहेर, सर्वांना खुल्या असलेल्या संस्थेत जावा लागतो, आणि शिकलेला माणूस दुसरीकडे गेला म्हणून कोणाच्या पोटात दुखत नाही. शिवाय मानधन, सरावाचा पत्रा, रिव्हेट, ड्रिल यांसारखा वर्षानुवर्षे लागणारा खर्च जो सरकारी अंदाजपत्रकात नेहमीच तोकडा पडतो, तो या निधीतून भागविता येतो.

याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. दासो या फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा व साधनसामग्री यांच्या जुळणीचा स्वतंत्र व्यवसाय सुरू झाला, आणि मिहानमधील त्यांच्या कारखान्याला लागणारी माणसे शहरातच तयार होऊ लागली. फाल्कन २००० या विमानाची अंतिम जुळणी नागपुरात करण्याचा जो निर्णय २०२५ च्या जूनमध्ये जाहीर झाला, त्यामागे अनेक व्यापारी हिशोब असतील. तथापि हाताशी शिकविलेली माणसे नसती तर तो हिशोब जुळणे अवघड गेले असते, असे आमचे मत आहे.

अमेरिकेतील व्यवहाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. तेथील काँग्रेसने २०१८ च्या कायद्यान्वये विमानदुरुस्ती कामगारांच्या शिक्षणासाठी वर्षाला ५० लाख डॉलरची आणि एका अर्जदारास ५ लाख डॉलरपर्यंतची तरतूद केली, आणि २०२४ च्या कायद्याने विमाने घडविणाऱ्या कारागिरांनाही तिच्यात स्थान दिले. त्या देशाच्या मानाने ही रक्कम किरकोळच. लक्ष द्यावे ते अर्जाच्या अटीकडे: एखादा उद्योग किंवा कामगार संघटना, एखादी शिक्षणसंस्था आणि राज्य वा स्थानिक शासन, या तिघांचा पाठिंबा असल्यावाचून अर्ज विचारातच घेतला जात नाही. सैन्यातून बाहेर पडणाऱ्या तंत्रज्ञांना नागरी विमानसेवेकडे वळविण्याचा खर्चही त्या अनुदानात बसतो.

ही शेवटची बाब आपण उचलण्याजोगी आहे. ओझर येथे हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती आगार आहे, त्याच्या शेजारी हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना आहे. या दोन ठिकाणांहून निवृत्त झालेले आणि नाशिकच्या परिसरात स्थायिक झालेले कितीतरी तंत्रज्ञ अजून डोळ्यांनी तेज व हाताने स्थिर आहेत. पीएम-सेतू योजनेत एका केंद्रसंस्थेभोवती सरासरी चार उपसंस्था अशी रचना आहे, आणि त्या समूहाचा कारभार उद्योगाच्या पुढाकाराने चालावयाचा आहे. नाशिक हे केंद्र आणि सिन्नर, निफाड, दिंडोरी येथील आयटीआय या उपसंस्था असा समूह विमानव्यवसायासाठी कल्पिणे मुळीच अवघड नाही. त्याच योजनेत ५०,००० निदेशकांच्या प्रशिक्षणाचा संकल्प आहे. परंतु त्यासाठी ज्या पाच राष्ट्रीय संस्था बळकट करावयाच्या आहेत त्या भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना येथे आहेत, महाराष्ट्रात एकही नाही. म्हणून आपल्या निदेशकांची तजवीज आपणच केली पाहिजे. निवृत्त तंत्रज्ञाजवळ अध्यापनाचे प्रमाणपत्र नसते आणि प्रमाणपत्रधारकाने बहुधा विमान उघडून पाहिलेले नसते. या दोघांना एका वर्गात जोडीने उभे करण्याची मुभा शासनाकडून मागणे, हे आमच्या मते नव्या यंत्रांच्या मागणीहून अधिक निकडीचे आहे.

तेव्हा नाशिक आणि नागपूर येथील कारखानदार, दुरुस्तीकेंद्रांचे व्यवस्थापक आणि आयटीआयचे प्राचार्य यांना आमची विनंती आहे की, त्यांनी वेगवेगळे अर्ज घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी आपापल्या शहरात एकत्र बसावे, कोणत्या कामाची किती माणसे कोणत्या वर्षी लागतील याची खरी संख्या परस्परांपुढे मांडावी, सरावासाठी कोणाच्या कारखान्यात वा हँगरमध्ये किती जागा देता येईल हे लेखी ठरवावे, आणि जो संयुक्त अर्ज तयार होईल त्याच्या खर्चाच्या तक्त्यात निदेशकाचे मानधन पहिल्या ओळीवर लिहावे.