खर्च संरक्षणाचा, भुर्दंड शिवाराला



सरकारला खर्चात पाडणारे विधेयक संसदेत आले की त्याला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. एकदाचा खर्च किती, दरसालचा किती, याचा अंदाज त्यात द्यायचा, असा लोकसभेचा ६९ वा नियम आहे. नियम चांगला आहे. पण हा अंदाज फक्त सरकारी तिजोरीचा. त्याच कायद्यापायी शेतकऱ्याच्या घरातून काय जाणार, याला त्या कागदावर रकानाच नाही. संरक्षणाचे कायदे कागदावर स्वस्त दिसतात ते यामुळे.

ठाणे जिल्ह्यातले उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर घ्या. उल्हासनगर वसले तेच दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर. शेजारच्या नेवाळी परिसरात इंग्रज सरकारने धावपट्टीसाठी भारत संरक्षण कायद्याच्या जोरावर शेतजमीन घेतली. सुमारे १,६०० एकर. शेतकरी म्हणतात, जमीन लढाईपुरती होती, परत मिळायची होती. संरक्षण खाते म्हणते, जमीन आमची. लढाई १९४५ साली संपली. २०१७ साली नौदलाने तिथे भिंत घालायला घेतली आणि २२ जूनला, ऐन पेरणीच्या दिवसांत, लोक रस्त्यावर उतरले. गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले, शेतकऱ्यांना छरे लागले. जाळपोळ आम्हाला मान्य नाही. पण सत्तर वर्षांत हा हिशेब मिटवला का नाही, हे कोणी सांगावे?

सरकारने केला नाही, तर हिशेब आपणच करू. त्यातली निम्मीच जमीन भाताची धरा. पावसावरचे जुने वाण, एकरी सहाच क्विंटल. झाले वर्षाला ४,८०० क्विंटल. २०२४-२५ च्या सरकारी आधारभावाने, २,३०० रुपये क्विंटलने, १ कोटी १० लाख ४० हजार रुपये. एका वर्षाचे. हा आकडा कोणत्या अर्थसंकल्पात आहे?

ही नुसती विसरभोळेपणाची गोष्ट नाही. तात्पुरत्या ताब्यातल्या मालमत्तांसाठी १९५२ साली दिल्लीने कायदा केला. अशी जमीन पुढे कायमची घ्यायची तर आजची किंमत, किंवा ताबा घेतला त्या दिवशीच्या किमतीच्या दुप्पट, यांतले जे कमी ते द्यायचे, असे त्यात लिहिले होते. म्हणजे भाव वाढला तर फायदा सरकारचा. दुपटीची ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द ठरवली. खर्च कमी झाला नव्हता. सरकारच्या वहीतून शेतकऱ्याच्या वहीत ढकलला होता.

नेवाळी भाताची, आपण कापूस-ज्वारीचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतल्या २३ गावांना विचारा. के. के. रेंजवरच्या तोफांच्या सरावाची टांगती तलवार त्या कोरडवाहू रानांवर वर्षानुवर्षे आहे. संपादन होत नाही आणि भीतीही जात नाही. अशा जमिनीवर विहीर कोण खोदेल, कर्ज कोण देईल?

कोणी म्हणेल, देशापेक्षा जमीन मोठी का? सीमेवर उभी असलेली पोरे आमच्याच घरची आहेत, आम्हाला देशप्रेम शिकवू नका. देश सगळ्यांचा, तर त्याच्या रक्षणाचा खर्चही सगळ्यांनी उचलावा. एकट्या नेवाळीने का?

मागण्या सरळ आहेत. संरक्षणाच्या प्रत्येक विधेयकाच्या ज्ञापनात दुसरा रकाना हवा: किती जमीन, किती पीक, किती वर्षे. तात्पुरत्या ताब्याला तारीख हवी. तारीख उलटली की जमीन परत, नाहीतर आजच्या भावाने दाम.

जिल्हा बैठकीला येताना गावात लष्करासाठी घेतलेल्या जमिनीचे जे कागद असतील ते घेऊन या: सातबारा, फेरफार, ताब्याची नोटीस, मोबदल्याची पावती. सरकारने न केलेला अंदाज आपण करू आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवू.