विश्लेषण : सापेक्षतेच्या गणिताची भीती कशाला?

कृष्णविवरे आणि गुरुत्वीय लहरींचे व्हिडीओ मोबाइलवर आवडीने पाहणारे विद्यार्थी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत भरपूर सापडतील. पण ‘टेन्सर’ हा शब्द आला की त्यांतले बरेच जण थांबतात. हे गणित असामान्य बुद्धीच्या मोजक्यांसाठीच, हा समज चुकीचा आहे आणि तो महाराष्ट्राला महागात पडू शकतो.

टेन्सर म्हणजे नेमके काय?

मोबाइलच्या नकाशात बोरिवली आणि मुलुंड स्थानकांच्या रेखांशांत सुमारे ०.१ अंशाचा फरक दिसतो. मुंबईच्या अक्षांशावर ०.१ अंश म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर. ऑस्लोजवळ तेवढाच फरक सुमारे साडेपाच किलोमीटर भरतो. आकडा तोच, अंतर वेगळे. कुठे आकड्यांतल्या फरकाचे किती अंतर धरायचे, हे सांगणारा तक्ता म्हणजे ‘मेट्रिक टेन्सर’. अवकाश-काळाच्या चार मितींत या तक्त्याला १६ रकाने असतात. सममितीमुळे त्यांतले वेगळे फक्त १०. मोजण्याची पद्धत बदलली की रकान्यांतले आकडे ठरावीक नियमाने बदलतात, प्रत्यक्ष अंतर मात्र बदलत नाही. टेन्सरचे मर्म हेच.

मग अवघड काय?

मेट्रिक जागोजागी बदलला म्हणजे अवकाश वक्र आहे, असे नाही. सपाट कागदावरही कोन आणि त्रिज्या वापरून मोजले तर तो बदलतो. खरी वक्रता ओळखायला रीमान टेन्सर लागतो. त्याचे २५६ घटक ऐकून विद्यार्थी दचकतो. पण स्वतंत्र घटक २०च असतात. खुद्द आइन्स्टाइन यांनाही हे गणित आधी येत नव्हते. १९१२ मध्ये झुरिकला त्यांनी गणितज्ञ मित्र मार्सेल ग्रोसमन यांची मदत घेतली. अंतिम समीकरणे हाती आली नोव्हेंबर १९१५ मध्ये.

मुंबईच्या उपनगरांशी याचा संबंध काय?

प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजचे विद्यार्थी. पुढे ते बनारसला मूळ कोल्हापूरचे असलेल्या विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे गेले आणि १९४३ मध्ये प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचा मेट्रिक त्यांनी मांडला. ‘वैद्य मेट्रिक’ आज जगभर शिकवला जातो. त्या काळात संगणक नव्हता. कागद, पेन आणि चिकाटी होती.

शिकायचे कसे?

वर-खाली लिहिलेल्या अक्षरांचे नियम आधी आणि अर्थ नंतर, या क्रमाने शिकवले तर भीतीच वाढते. आधी सदिश आणि मॅट्रिक्स पक्के करावेत, मग आंशिक विकलन. त्यानंतर गोलाच्या पृष्ठभागाचा मेट्रिक घेऊन ख्रिस्तोफेल चिन्हे हाताने काढावीत. आठपैकी तीनच शून्य नसतात, त्यांतही दोन सारखीच. हे जमले की श्वार्झशिल्डचे उत्तर आवाक्यात येते. जयंत नारळीकर यांचे सापेक्षतेवरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक सोबतीला घेता येईल. मात्र व्हिडीओ पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. लोकलमध्ये व्हिडीओ पाहावा, पण घरी वही उघडावीच.

नोकरीत उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे. उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. ही दुरुस्ती केली नाही, तर नकाशावरचा तुमचा ठिपका भरकटेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारली जाणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिथे लेसर, निर्वात यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक्सची कामे जास्त असतील, हे खरे. पण आलेल्या लहरीचा अर्थ लावायला हेच गणित लागेल. वेधशाळा आपल्या जिल्ह्यात आणि अर्थ लावणारे बाहेरचे, असे होऊ नये. उपनगरांतल्या महाविद्यालयांनी शनिवारी दोन तासांचा वर्ग सुरू केला, तरी सुरुवात होईल. त्यासाठी फळा आणि खडू पुरेसे आहेत.