सुकाणूशी कुस्ती नको!

एनसीसीच्या नेव्हल विंगमधल्या पोरांचे दंड बघितलेत? "एंटरप्राइज चालवायची म्हणजे ताकद पाहिजे," असं ते छातीठोकपणे सांगतात. वारा वाढला की बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवू लागते आणि सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, सारखा स्वतःकडे ओढून धरावा लागतो. याला म्हणतात वेदर हेल्म. माझं स्पष्ट मत आहे की इथे ताकद लावणारा खलाशी फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स विसरलाय!

साधा हिशेब बघा. वारा शिडांवर जो जोर लावतो, तो एका बिंदूतून लागतो असं मानू. पाण्याचा आडवा विरोध बोटीच्या बुडाखाली, मुख्यतः सेंटरबोर्डवर, दुसऱ्या बिंदूतून लागतो. शिडाचा बिंदू मागे गेला की कपल तयार होतं आणि नाळ वाऱ्याकडे वळते. एवढं कोणीही व्हायवात सांगेल.

पण गंमत पुढेच आहे. डिझायनर कागदावर शिडाचा बिंदू मुद्दाम पुढे ठेवतात. मग वेदर हेल्म येतं कुठून? बरंचसं येतं बोट कलल्यामुळे. बोट कलली की शीड एका बाजूला पाण्यावर झुकतं आणि पुढे ढकलणारा जोर बोटीच्या मध्यरेषेवर न राहता बाजूला जातो. हातगाडी एकाच दांड्याला धरून ढकलून पाहा, लगेच वळते. तसंच हे. शिवाय कललेल्या बोटीचा पाण्यातला आकारही दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही.

म्हणजे रोग आहे कलण्यात, आणि आपण औषध लावतो सुकाणूला! सुकाणू चार-पाच अंश वळलेलं असेल तर ठीक, पण त्याहून बरंच जास्त वळवलं की ते ब्रेकचं काम करतं. आणखी ओढलं की पाण्याचा प्रवाह पात्यापासून सुटतो, सुकाणू "स्टॉल" होतं आणि ऐन झोताच्या वेळी बोट हाताबाहेर जाते. शेजारून दुसरी बोट येत असेल तर हा विषय मार्कांचा राहत नाही.

मग करायचं काय? आधी दोघांनीही वाऱ्याकडच्या काठावर बाहेर झुकून बोट सपाट करायची. तरी भागलं नाही तर मेनशीट सैल सोडायची. मेनसेल ताणून चपटं करायचं. सेंटरबोर्ड किंचित वर घ्यायचा. त्याचं पातं मागे सरकतं आणि पाण्याचा बिंदूही मागे जातो. वारा फारच असेल तर मेनसेल रीफ करायचं, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ कमी करायचं. घाबरून नुसती जिब उतरवणारे महाभाग असतात. पुढचं शीडच गेलं की नाळ आणखी वाऱ्याकडे धावणार, दुसरं काय होणार?

काही हुशार मंडळी म्हणतील, मग वेदर हेल्म शून्यच करून टाका ना! तेही मला पटत नाही. थोडं वेदर हेल्म हवंच. टिलर हातातून सुटला तर बोट वाऱ्याकडे तोंड करते, शिडं फडफडतात, वेग पडतो आणि सावरायला वेळ मिळतो. उलट बोट वाऱ्यापासून दूर पळणारी असली, तर बूम धाडकन् दुसऱ्या बाजूला येऊन डोक्यावर आदळू शकतो. शिवाय हाताला जाणवणारा हलका ओढा वाऱ्याची बातमी देतो.

म्हणून सरांना विनंती आहे. कपल आणि मोमेंट फळ्यावर शिकवताच, तर एक दुपार फर्स्ट इयरची बॅच पाण्यावर न्या. अटेंडन्स शंभर टक्के लागेल, याची हमी होस्टेल देतं! आणि नेव्हल विंगच्या पैलवानांनो, पुढच्या वेळी टिलर जड झाला तर दंड फुगवू नका. आधी बोट किती कललीय ते बघा.